गोल्फमध्ये टणक जमिनीवरून आयर्न (चपट्या धातूच्या तोंडाची काठी, म्हणजे क्लब) मारताना

कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये गवत करपतं, जमीन टणक होते आणि चेंडूखाली गवताची गादीच उरत नाही. अशा वेळी चेंडू उचलायला जाऊ नका. उंची क्लबचा लॉफ्ट, म्हणजे त्याच्या तोंडाचा तिरकेपणा, देतो. चेंडू नेहमीपेक्षा किंचित मागे, उजव्या पायाकडे घ्या. वजन डाव्या पायावर, हात चेंडूच्या थोडे पुढे. आधी चेंडू, मग माती, हा क्रम चुकला की क्लब जमिनीवरून उसळतो आणि चेंडूच्या पोटावर आदळतो. जास्त बाउन्सची, म्हणजे फुगीर तळाची, सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा क्लब) इथे हमखास दगा देते; ग्रीनजवळ, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कातरलेल्या गवताजवळ, नऊ नंबरच्या आयर्ननं चेंडू घरंगळत न्यावा, हेच मला पटतं. सरावाला चुन्याची रेघ ओढा. क्लबची खूण रेघेच्या पुढेच, लक्ष्याच्या बाजूला, उमटली पाहिजे. डावखुऱ्यांनी इथला उजवा-डावा पाय उलट समजावा.