पाथ जरासा बदलला आणि टेस्ट काही ओएसवरच फेल: कुठून शोधायला सुरुवात करायची

टेस्टचा डेटा एका फोल्डरातून उचलून दुसऱ्यात टाकला, बदल जेमतेम दोन ओळींचा, आपल्या मशीनवर सगळं हिरवं, आणि पुश केल्यावर गिटहब ॲक्शन्समध्ये (तिथल्या मशीनवर टेस्ट आपोआप चालवणारी सोय) लिनक्स पास, विंडोज फेल, मॅक तिसऱ्याच टेस्टवर फेल. अशा वेळी कोडमध्ये दिसेल तिथे बॅकस्लॅशचा साधा स्लॅश करत सुटायचा मोह होतो, पण तेवढं करू नका, आजची टेस्ट पास होईल आणि पुढच्या बदलाला तेच दुखणं परत वर येईल. मी पायथन आणि पायटेस्ट (पायथनचं टेस्ट चालवायचं टूल) धरून सांगतोय, नोडमध्ये फंक्शनांची नावं वेगळी पण भानगडी त्याच.

पहिलं काम म्हणजे वर्कफ्लोच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे टेस्ट कुठल्या कुठल्या ओएसवर चालवायची त्या यादीत, फेल-फास्ट बंद करा. ते मुळात चालू असतं, म्हणजे एक जॉब पडला की बाकीचे मधेच कॅन्सल होतात, मग मॅकवर खरंच फेल झालं की विंडोजमुळे कापलं गेलं हे कळायला मार्ग नाही. तिन्ही ओएसचे पूर्ण लॉग हातात येऊ द्या, कारण कुठे पडलं यावरूनच अर्धा उलगडा होतो. फक्त लिनक्सवर पडलं तर कॅपिटल-स्मॉलचा घोळ, फक्त विंडोजवर तर सेपरेटर (फोल्डरांच्या नावांमधला स्लॅश) नाहीतर ड्राइव्ह, फक्त मॅकवर तर बहुतेक सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारं नुसतं नाव).

लिनक्सवालं आधी घेऊ कारण तपासायला एक मिनिट लागतं. विंडोज आणि मॅकची फाइलसिस्टिम नेहमीच्या सेटिंगला मोठ्या-छोट्या अक्षरात फरक करत नाही, लिनक्स करतं. तुम्ही फाइंडरमध्ये फोल्डरच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल केलं, कोडमध्येही केलं, पण गिटने तो बदल बघितलाच नाही कारण त्या मशीनवर गिटची कोअर-इग्नोअरकेस ही सेटिंग ट्रू आहे. रेपोमध्ये नाव जुनंच राहिलं आणि लिनक्सवर फाइल नॉट फाउंड. एक्सप्लोरर किंवा फाइंडरवर विश्वास ठेवू नका, गिट एलएस-फाइल्स चालवा, रेपोत खरं काय आहे ते तिथेच दिसेल. नाव गिट एमव्हीनेच बदला, तेही आधी कुठल्यातरी तात्पुरत्या नावावर आणि मग हव्या त्या नावावर, म्हणजे कटकट नको.

आता विंडोज. फेल होणाऱ्या असर्टच्या (टेस्टमधल्या तुलनेच्या ओळीच्या) आधी दोन्ही पाथ रेप्र करून, म्हणजे लपलेली अक्षरंही दिसतील असे, छापा, नुसतं प्रिंट नको, त्यात टॅब लपतो. कोणीतरी विंडोजसाठी वेगळा इफ लिहून आत हाताने बॅकस्लॅशवाली स्ट्रिंग टाकलेली असते, फोल्डरचं नाव डी अक्षराने सुरू होत होतं तोवर चालायचं कारण बॅकस्लॅश-डी हा पायथनला एस्केप (खास अर्थाची जोडी) नाहीच (३.१२ पासून निदान वॉर्निंग तरी दिसते), नवीन नाव टी ने सुरू झालं आणि बॅकस्लॅश-टी म्हणजे टॅब, गेला पाथ खड्ड्यात. बदल खरंच एका नावाचा असतो, म्हणून माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

दुसरी विंडोजची लाडकी जागा म्हणजे अपेक्षित एरर आली का ते बघणाऱ्या पायटेस्ट रेझेसचा मॅच. तो रेजेक्स (मजकूर जुळवायचा पॅटर्न) असतो आणि त्यात पाथ तसाच दिला की बॅकस्लॅशचा अर्थच बदलतो. री-एस्केपमधून काढून द्या, संपलं. तिसरी म्हणजे ड्राइव्ह: गिटहबच्या विंडोज रनरवर (टेस्ट चालवणाऱ्या मशीनवर) रेपो डी ड्राइव्हवर आणि टेम्प फोल्डर सी वर असं बऱ्याचदा असतं, आणि दोन ड्राइव्हमध्ये रिलेटिव्ह पाथ निघत नाही, ओएस-पाथचं रेलपाथ सरळ व्हॅल्यू एरर फेकतं. आधी डेटा रेपोतच होता म्हणून चाललं, आता टेस्ट तो टेम्पमध्ये कॉपी करते म्हणून फुटलं. आणि नुसत्या स्लॅशने सुरू होणारा पाथ विंडोजवर ॲब्सोल्यूट धरला जात नाही, ड्राइव्ह लागतो, हेही लक्षात असू द्या.

हे सगळं बघायला विंडोज मशीन लागतंच असं नाही. पायथनच्या पाथलिबमधला प्युअर-विंडोज-पाथ लिनक्सवर पण चालतो, फाइलला हात लावत नाही, फक्त पाथ जोडणं-तोडणं करतो. फंक्शनला त्याचा ऑब्जेक्ट द्या आणि काय बाहेर येतं ते बघा, दर वेळी पुश करून रनरची वाट बघण्यापेक्षा कितीतरी बरं.

मॅकवर व्हार हे फोल्डर मुळात प्रायव्हेट-व्हारकडे जाणारी सिमलिंक आहे. पायथनचं टेम्पफाइल तुम्हाला व्हारवाला पाथ देतं, कोड आत कुठेतरी रिझॉल्व्ह करतो (सिमलिंक सोडवून खरा पाथ काढतो) आणि प्रायव्हेटवाला परत देतो, फाइल तीच पण स्ट्रिंग वेगळी, असर्ट फेल. विंडोजवर याचाच भाऊ म्हणजे ते टिल्ड आणि एक असलेलं छोटं नाव, जे रिझॉल्व्ह केल्यावर लांब होतं. दोन्ही बाजू रिझॉल्व्ह करून मग तुलना करा, किंवा दोन्ही पाथ एकाच फाइलचे आहेत का ते सांगणारं सेमफाइल सरळ वापरा.

फिक्स करताना माझा हट्ट एकच आहे, पाथ शेवटपर्यंत पाथ ऑब्जेक्टच ठेवा, स्ट्रिंग करायचा तो बाहेर जाताना, म्हणजे जेसन, स्नॅपशॉट, यूआरएल, मॅनिफेस्ट अशा ठिकाणी, आणि तिथे ॲज-पॉझिक्स वापरा, ते पाथ साध्या स्लॅशने देतं. मधेच रिप्लेस पेरले की कुठला पाथ कुठल्या रूपात आहे हे कोणालाच सांगता येत नाही. तसंही विंडोजचे बहुतेक एपीआय साधा स्लॅश मुकाट घेतात, बॅकस्लॅश आला तो १९८३ च्या डॉस २.० मध्ये फोल्डर आले तेव्हा, कारण स्लॅश आधीच कमांडच्या स्विचला देऊन बसले होते. आणि हो, लिस्टडिरने दिलेला फोल्डरमधल्या फाइलींचा क्रम कधीच गृहीत धरू नका, सॉर्ट करा, नवीन फोल्डरमध्ये तो वेगळा येऊ शकतो.

एवढं करूनही लिनक्सवर फाइल सापडत नसेल आणि नाव मराठीत असेल, समजा टेस्टसाठी 'शेतकऱ्यांची यादी' अशी फाइल ठेवलीय, तर त्यातला ऱ तपासा. युनिकोडमध्ये तो एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो किंवा र आणि खाली नुक्ता असा दोन मिळूनही, डोळ्याला सारखंच दिसतं. मॅकची फाइलसिस्टिम एपीएफएस दोन्ही एकच मानते, लिनक्स बाइट बघतं आणि सांगतं अशी फाइल नाही. फाइलचं नाव आणि कोडमधली स्ट्रिंग दोन्ही एनएफसी (युनिकोडचं एकसारखं, जोडलेलं रूप) करून घ्या, नाहीतर फाइलचं नाव इंग्रजीत ठेवा आणि मराठी मजकूर फाइलच्या आत.