अमेरिकेतील वैयक्तिक दिवाळखोरी : दोन अभ्यासक्रम, दोन प्रमाणपत्रे

अमेरिकेत वैयक्तिक दिवाळखोरीसाठी अर्ज करायला नागरिकत्व लागत नाही. व्हिसावर तेथे राहणारा मराठी माणूसही तो करू शकतो. मात्र दिवाळखोरी कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीपासून अर्जापूर्वी पत-समुपदेशन आणि अर्जानंतर आर्थिक व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम, असे दोन्ही टप्पे पूर्ण करावे लागतात. पहिल्याचे प्रमाणपत्र दुसऱ्यासाठी चालत नाही, आणि नेमकी येथेच अनेकांची गफलत होते.

समुपदेशन अर्जाच्या आधीच्या १८० दिवसांत, यू. एस. ट्रस्टीची (दिवाळखोरीच्या प्रकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या न्याय खात्याच्या अधिकाऱ्याची) मान्यता असलेल्या संस्थेकडूनच घ्यावे. अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायनात ही मान्यता न्यायालयाचा दिवाळखोरी प्रशासक देतो. मान्यताप्राप्त संस्थांची यादी न्याय खात्याच्या संकेतस्थळावर आहे. फोनवर किंवा ऑनलाइन होणाऱ्या या तासा-दीड तासाच्या बैठकीपूर्वी पगाराच्या पावत्या, क्रेडिट कार्डांची बिले, घरभाडे, गाडीचा हप्ता आणि गावी आईवडिलांना दरमहा पाठवली जाणारी रक्कम, असा सगळा हिशेब हाताशी ठेवावा. या बैठकीत परतफेडीची योजना तयार झालीच, तर ती स्वीकारण्याचे बंधन नसते, परंतु प्रमाणपत्रासोबत ती न्यायालयात दाखल करावी लागते. ऐपत नसणाऱ्याला शुल्कमाफी मागता येते. ती मागण्यात संकोच कसला?

अर्जात मालमत्ता लिहिताना पुण्यातला फ्लॅट किंवा वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा वगळू नये, कारण मालमत्ता जगात कोठेही असली तरी ती जाहीर करणे बंधनकारक आहे.

दुसरा अभ्यासक्रम साधारण दोन तासांचा असतो. अंदाजपत्रक कसे बांधावे, कर्ज जपून कसे वापरावे, हे त्यात शिकवतात. शिकवणारी संस्था याच कामासाठी स्वतंत्रपणे मान्यता मिळालेली असावी लागते. पतीपत्नींनी एकत्र अर्ज केला असला तरी दोघांनाही स्वतःचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. गंभीर अपंगत्व किंवा युद्धक्षेत्रातील लष्करी सेवा अशा मोजक्या कारणांखेरीज सूट मिळत नाही. हे प्रमाणपत्र दाखल झाले नाही, तर कर्जमुक्तीच्या आदेशाविनाच प्रकरण बंद होऊ शकते. मग कर्जे तशीच राहतात आणि प्रकरण पुन्हा उघडून घ्यायचे तर वेगळे शुल्क भरावे लागते. चॅप्टर १३ या हप्त्यांनी कर्ज फेडण्याच्या दिवाळखोरीच्या प्रकारात हप्ते तीन ते पाच वर्षे चालतात, म्हणून तेथे हा अभ्यासक्रम विसरण्याचा धोका अधिक; तो सुरुवातीलाच उरकावा आणि संस्थेने प्रमाणपत्र परस्पर न्यायालयाकडे पाठवले की नाही, याची वकिलाकडून किंवा न्यायालयाच्या कार्यालयातून खात्री करून घ्यावी.