मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर दिवस पुन्हा हाती घेताना

मज्जारज्जूला इजा होऊन कंबरेखालची हालचाल आणि संवेदना गेली की पुढचे काही महिने सगळे घर एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते: पुन्हा चालता येईल का? प्रश्न रास्त आहे, परंतु पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टरांनाही त्याचे ठाम उत्तर देता येत नाही, आणि ते मिळेपर्यंत बाकीचे आयुष्य थांबवून ठेवणे फार महागात पडते. म्हणून उपचार आणि आजचा दिवस चालवणे ही दोन्ही कामे पहिल्यापासून बरोबरीने करावीत.

सुरुवात शरीरापासून करावी. उमेदीच्या गोष्टीत लघवीचा आणि कातडीचा विषय कशाला, असे वाटेल; पण एक बेडसोर (सतत दाब पडून कातडीला होणारी जखम) चिघळला की कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहावे लागते आणि आखलेले सगळे बेत तिथेच संपतात. अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, व्हीलचेअरवर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन किंवा पुढे वाकून बैठकीवरचा दाब कमी करावा. रोज संध्याकाळी लांब दांड्याचा आरसा घेऊन माकडहाड, नितंब आणि टाचा स्वतः पाहाव्यात. लाल वा काळपट डाग दिसला, बोटाने दाबूनही त्याचा रंग फिका झाला नाही, किंवा ती जागा गरम आणि टणक लागली, तर तिच्यावर भार पडू देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे. संवेदना नसलेल्या पायांवर घ्यायचे पाणी आधी कोपराने तपासावे. डॉक्टरांनी सांगितले असेल तर दर चार ते सहा तासांनी स्वतःच कॅथेटर (लघवी काढण्याची नळी) घालायला शिकावे, कारण त्यानंतर घराबाहेर पडताना सोबत कोण येणार हा प्रश्न बराचसा सुटतो. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल आणि अचानक डोके ठणकून घाम फुटला, तर ताबडतोब उठून बसावे, कॅथेटरची नळी मुडपली आहे का ते पाहावे आणि तरीही आराम पडला नाही तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.

घरात पहिला अडथळा बहुधा उंबरठ्याचा असतो. रॅम्पसाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी; त्याहून उभा रॅम्प एकट्याने चढवत नाही.

मन खचणे हा स्वभावाचा दोष नव्हे. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते घरच्यांपासून लपवू नये. १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतूनही बोलता येते. वैवाहिक संबंध आणि मूल होण्याविषयीच्या शंकाही डॉक्टरांना स्पष्ट विचाराव्यात, कारण आपण विचारल्याशिवाय तो विषय सहसा निघत नाही. आपल्यासारखीच इजा होऊन काही वर्षे लोटलेल्या माणसाची भेट मात्र जमेल तितक्या लवकर घ्यावी. व्हीलचेअरवरून गाडीत कसे बसायचे हे त्याच्याइतके चांगले दुसरे कोणी दाखवू शकत नाही. मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्रीय संस्था आहे, तर जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला पॅराप्लेजिक (कंबरेखाली लुळे पडलेल्यांचे) केंद्र आहे. अशा ठिकाणी ही भेट सहज घडते.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात असताना बॉक्सिंग करत. १९६५च्या युद्धात मणक्यात गोळी लागून त्यांचे पाय गेले, आणि उपचार म्हणून सांगितलेल्या पोहण्यातून त्यांनी १९७२मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवले. प्रत्येकाने पदकाच्या मागे लागावे असे नाही, आणि नातेवाइकांनी हे उदाहरण टोमण्यासारखे तर मुळीच वापरू नये. त्यातून घ्यायचे ते एवढेच, की पेटकरांनी आधी ध्येय ठरवले नव्हते. पोहायला जाणे आधी सुरू झाले.

म्हणून काम निवडताना आवडीपेक्षा एक कसोटी लावावी: आपण ते केले नाही तर कुणाचे तरी अडले पाहिजे. सोसायटीच्या पाणीपट्टीचा हिशेब, शेजारच्या मुलाची गणिताची शिकवणी, दुकानाच्या ऑर्डरी फोनवर घेणे, यांतले काहीही चालेल. "दादा, तू पडून राहा, आम्ही बघतो" असे घरातले मायेने म्हणतील तेव्हा वही आपल्याकडेच ठेवावी. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्जही याच काळात भरून टाकावा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव आहेत आणि त्यासाठी हे कागद लागतात. पहिल्या महिन्यात कामाला दिवसाचा अर्धा तास पुरे, मात्र त्याची वेळ ठरलेली असावी आणि ती समोरच्या माणसालाही ठाऊक असावी.