कोकोडा ट्रेक : पाठीवर किती घ्यावे?

पापुआ न्यू गिनीतील कोकोडा वाट सुमारे 96 किलोमीटरची आहे. ओवेन स्टॅनली डोंगररांगांतून जाणाऱ्या या वाटेवर 1942 च्या जुलै ते नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियन आणि जपानी सैन्याची झुंज झाली. परवान्याशिवाय तिथे जाता येत नाही, आणि वाटाड्याशिवाय जाऊही नये. साधारण आठ ते दहा दिवसांच्या या चालीत चढापेक्षा उतार अधिक छळतो, कारण ओल्या चिखलातून वर आलेल्या झाडांच्या मुळांवर बूट घसरतो आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. म्हणून स्वतःपुरता स्थानिक हमाल अवश्य ठरवावा आणि आपल्या पाठीवर पाणी, रेनकोट, औषधे एवढेच ठेवावे. यात कमीपणा मुळीच नाही, युद्धातही रसद आणि जखमी सैनिक इथल्याच माणसांनी वाहिले होते. मे ते ऑक्टोबर हा त्यातल्या त्यात कोरडा काळ, तरी पाऊस गृहीत धरावा, आणि मलेरियाच्या गोळ्यांविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. वाटेवरच्या इसुरावा येथील युद्धस्मारकापाशी ग्रॅनाइटचे चार खांब आहेत. तिथे घाई न करता थांबावे. वाटेत गंजलेला तोफगोळा दिसल्यास त्याला हात लावू नये, कारण तो अजून जिवंत असू शकतो.