पालथ्या स्थितीत रायफल स्थिर कशी ठेवावी

सोलापुरातील महाविद्यालयांमधून एनसीसीत दाखल होणारे बहुतेक छात्र पहिला नेम पोटावर पडूनच धरतात आणि त्यांपैकी बरेच जण रायफल घट्ट आवळली की ती हलणार नाही, या समजुतीने सुरुवात करतात. प्रत्यक्षात आवळलेला स्नायू थरथरतो आणि काही सेकंदांतच थकतो. म्हणून रायफलीचा भार हाडांवर आणि रायफल दंडाशी जोडणाऱ्या पट्ट्यावर सोपवावा. स्नायूंकडे चाप ओढण्यापलीकडे फारसे काम ठेवू नये. रायफल प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि अधिकृत रेंजवरच हाताळायची, हे गृहीत धरूनच पुढचे विवेचन वाचावे.

५० मीटरच्या स्पर्धेतील दहाचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि दस्ता खांद्याशी जागेवर असताना नळीचे तोंड एक पंचमांश मिलिमीटरच्या आसपास सरकले तरी दहा गुण हुकू शकतात. उभी, गुडघ्यावरची आणि पालथी या तिन्ही स्थितींत पालथी स्थिती सर्वांत स्थिर असल्यामुळे तिच्यात गमावलेला गुण पुढे भरून काढणे अवघड जाते.

उजव्या हाताच्या नेमबाजाने शरीर लक्ष्याच्या रेषेपासून किंचित डावीकडे तिरके ठेवावे, डावा पाय सरळ सोडावा आणि उजवा गुडघा थोडा वर ओढून घ्यावा. गुडघा वर आला की पोटावरचा दाब कमी होतो आणि श्वासाचे व हृदयाच्या ठोक्यांचे हेलकावे रायफलीपर्यंत कमी पोहोचतात. डावखुऱ्यांनी हे सारे उलट समजावे.

डावे कोपर रायफलीच्या जवळजवळ खाली, किंचित डावीकडे असावे. मनगट सरळ ठेवून रायफल तळहातावर टेकवावी; बोटे सैल असावीत. पट्टा दंडावर उंच आणि बाहेरच्या बाजूला बसवावा, कारण दंडाच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या धमनीवर तो आला की समोरची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण) नाडीच्या तालावर उडताना स्पष्ट दिसते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पट्ट्याच्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जमिनीशी ३० अंशांपेक्षा कमी कोनात नसावा. स्वतःला जमिनीच्या फार जवळ दाबून घेण्याचा मोह होतो, म्हणून सरावापासूनच हा कोन तपासून घ्यावा.

अंथरण्यासाठी सोलापुरी चादर चांगली, मात्र तिची जाड घडी कोपराखाली घेऊ नये. प्रत्येक गोळीनंतर कोपर तिच्यात थोडे रुतते आणि नेम नकळत खाली उतरतो. एकच सपाट थर पुरेसा असतो. एप्रिल-मेमध्ये तर सराव सकाळी लवकरच उरकावा, कारण ऊन चढल्यावर घामाने गाल दस्त्यावरून घसरतो आणि तापलेल्या जमिनीवरच्या हवेमुळे लक्ष्य तरंगताना दिसते.

आता सर्वांत महत्त्वाची चाचणी. नेम धरून डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास घेऊन अंग पूर्ण सैल सोडावे आणि मग डोळे उघडावेत. माशी लक्ष्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे गेलेली असेल तर हाताने रायफल ढकलून ती परत आणू नये. डावे कोपर जागेवर ठेवून कंबर थोडी माशी गेली त्याच बाजूला सरकवावी, म्हणजे माशी डावीकडे असेल तर कंबर डावीकडे गेल्यावर ती उजवीकडे येते. श्वास घेताना माशी सरळ वर-खाली जायला हवी. ती तिरकी जात असेल तर कोपर किंवा शरीराची रेषा चुकलेली आहे. ही चाचणी कंटाळवाणी वाटते, म्हणूनच बहुतेक जण ती टाळतात, आणि त्यांचे ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या गोळ्यांच्या खुणांचे पुंजके, पसरतात.

श्वास अर्धा सोडून थांबावे आणि सहा-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर नेम सोडून नव्याने सुरुवात करावी, कारण त्यानंतर नजर अंधुक होऊ लागते. चापावरचा दाब सरळ मागे, सावकाश वाढवत न्यावा. गोळी सुटल्यावरही गाल उचलू नये. धक्का ओसरल्यावर माशी जिथे परत येते ते पाहावे. ती पुन्हा लक्ष्यावरच आली तर स्थिती योग्य आहे, दरवेळी एकाच बाजूला गेली तर पुढच्या गोळीपूर्वी कंबर पुन्हा जुळवून घ्यावी.