चवथीपर्यंत चोवीस व्हिडिओ: सोशल मीडियावरचे खाते कसे वाढवावे

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दोन दिवसांत गोव्यातल्या डिचोलीच्या माटोळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. तिथे काही वर्षांपूर्वी एका कॉलेजातल्या मुलाने टोपलीतल्या नारिंगी फळाकडे बोट दाखवून मला विचारले, 'हे काय?' ते कवंडळ होते, सांगितले. त्याने शेजारच्या घोसाकडे बोट नेले आणि मी गप्प झाले. गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या लाकडी चौकटीला, म्हणजेच माटोळीला, ही रानातली नि कुळागरातली (पोफळी-माडांच्या बागेतली) फळे दरवर्षी माझ्याच घरात टांगली जातात, आणि निम्म्यांची नावे मला येत नव्हती. त्याच आठवड्यात मी इन्स्टाग्रामवर खाते उघडले. ते कसे वाढले आणि कुठे अडले, त्यातून जे हाती लागले ते क्रमाने सांगते. तुमचा विषय भजन असो, शिवणकाम असो की स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, पायऱ्या याच.

आधी उद्दिष्ट कागदावर

'दहा हजार फॉलोअर्स' असे लिहू नका. कोणी फॉलो करावे हे तुमच्या हातात नसते. तुमच्या हातात जे आहे ते तारखेसकट लिहा. माझ्या कागदावर होते: 'चवथीपर्यंत माटोळीतल्या चोवीस वस्तू ओळखायच्या, प्रत्येकीचा एक व्हिडिओ.' मग तारखेपासून उलटे मोजा. चोवीस व्हिडिओ, आठवड्याला दोन, म्हणजे बारा आठवडे. चवथ भाद्रपदात, तेव्हा ज्येष्ठात कामाला लागायला हवे. कागद फ्रीजवर चिकटवा. घरच्यांनाही कळू द्या, म्हणजे रविवारी सकाळी तुम्हाला कोणी बाजाराला पिटाळणार नाही.

विषय अरुंद करा

'गोवा' हा विषय होऊ शकत नाही. किनारे, मासे, चर्च, देवळे यांवर आधीच हजारो खाती आहेत. कदंबा बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला तुमचे खाते एका वाक्यात सांगता येते का पाहा. तेच वाक्य बायोमध्ये टाका: 'गोव्याच्या माटोळीतली रानफळे, दर बुधवारी आणि रविवारी.' खाते प्रोफेशनल करून घ्या. पैसे पडत नाहीत आणि आकडे दिसू लागतात.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. मी निवेदन मराठीत करते, वस्तूचे नाव वाड्यावर जे म्हणतात तेच ठेवते आणि मजकुराच्या शेवटी विचारते, 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' सिंधुदुर्गातून लोक लिहितात की आमच्याकडे माटोळीला माटवी म्हणतात, कारवारहून तिसरेच नाव येते. या एका प्रश्नाने माझे खाते जितके वाढले तितके दुसऱ्या कशाने नाही. आलेल्या प्रत्येक नावाला उत्तर द्या, पहिल्या तासात जमले तर फारच छान.

चित्रीकरण: इथे वेळ घाला

फोन उभा धरा, नऊ बाय सोळा. लेन्स सुती फडक्याने पुसा, पावसाळ्यात तिच्यावर सतत वाफ धरते. उजेडासाठी सोप्याचा उंबरठा उत्तम: तुम्ही आत, तोंड बाहेर. ढगाळ दिवसाचा मऊ उजेड फळांचे रंग खरे दाखवतो.

आवाजाने मला फार रडवले. आमच्या पडवीवर पत्रे आहेत. आषाढातला पाऊस त्यांवर सुरू झाला की स्वतःचे बोलणे स्वतःला ऐकू येत नाही. शेवटी दृश्य पडवीत घ्यायचे आणि आवाज आतल्या खोलीत, कपड्यांचे कपाट उघडून त्याच्यासमोर बसून वेगळा रेकॉर्ड करायचा, असे ठरवले. कपडे घुमणारा आवाज शोषून घेतात.

आता सुरुवात. माझे पहिले सहा व्हिडिओ 'नमस्कार मंडळी, माझ्या पेजवर आपले स्वागत आहे' असे सुरू व्हायचे. लोक व्हिडिओ कुठपर्यंत पाहतात तो आलेख उघडून पाहिला तर स्वागत संपेपर्यंत निम्मे लोक निघून गेलेले. सातवा व्हिडिओ थेट सुरीने सुरू केला: कवंडळ दुभंगले, आतला गर दिसला आणि वाड्यावरच्या आजींचा आवाज आला, 'दिसपाक सोबीत, पूण तोंडांत घालूं नाका!' (दिसायला सुंदर, पण तोंडात घालू नका!) नाव त्यानंतर सांगितले. लोक थांबले. पहिल्या तीन सेकंदांत हात काहीतरी करताना दिसू दे. चाळीस-पन्नास सेकंदांत सांगून होत असेल तर तिथेच थांबा. शब्द पडद्यावरही लिहा, पुष्कळजण आवाज बंद ठेवून पाहतात.

एक कळकळीची विनंती. रानात मिळणाऱ्या वस्तूचे नेमके ठिकाण लोकेशनमध्ये टाकू नका. वारुळावरच्या अळम्यांची (खाण्याच्या रानभूछत्रांची) जागा एकदा जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी तिथे पिशव्या घेऊन माणसे उभी राहतात. आणि कोणाच्या कुळागरात शिरण्याआधी धन्याला विचारा.

वेळापत्रक

रविवारी सकाळी दोन व्हिडिओंचे चित्रीकरण, मंगळवारी रात्री संपादन. दोन व्हिडिओ नेहमी शिलकीत ठेवा, ताप येतो, वीज जाते. अधिक काही करू नका. रोज एक टाकायला गेलेली माझी मैत्रीण तिसऱ्या आठवड्यात थकून थांबली.

आकडे कोणते पाहायचे

लाइक दिसतात म्हणून डोळा तिथे जातो. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ मध्ये स्वतः सांगितले की लोक किती वेळ पाहतात, लाइक करतात आणि इतरांना पाठवतात, या तीन गोष्टींना सर्वाधिक वजन असते. नव्या माणसांपर्यंत पोहोचायचे तर यांतले 'पाठवणे' मोलाचे. म्हणून प्रत्येक व्हिडिओ करताना मी विचारते, हे कोणी आपल्या मावशीला पाठवील का? महिन्यातून एकदा वहीत तीन रकाने भरा: पाहिलेला वेळ, पाठवले, साठवले. सर्वात वर आलेल्या दोन व्हिडिओंसारखे पुढच्या महिन्यात आणखी दोन करा.

पहिल्या वर्षी घाई झाली म्हणून मी एका ऑनलाइन सेवेकडून दोन हजार फॉलोअर्स विकत घेतले. आकडा फुगला, पण ती खाती कधी काही पाहत नव्हती. त्यामुळे नवा व्हिडिओ माझ्या खऱ्या प्रेक्षकांपर्यंतही नीट पोहोचेना. ती खाती एकेक करून काढायला दीड महिना गेला. पैसे गेल्याचे दुःख कमी, त्या पावसाळ्याचे जास्त.

पैशाचे

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा हवा असेल तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणी, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची १ कोटी पाहणी लागते. हे पहिल्या वर्षाचे ध्येय ठेवू नका. कोणी वस्तू फुकट दिली किंवा पैसे दिले तर व्हिडिओत स्पष्ट सांगा, तसा सरकारी दंडकच आहे. मी फक्त बाजारात बसणाऱ्या बायकांची जाहिरात करते, आणि ती फुकट.

खाते आणि साठा सांभाळा

दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी) आजच सुरू करा. 'निळी खूण देतो, या लिंकवर क्लिक करा' असा निरोप आला की पुसून टाका.

आणि मूळ फाइली फोनबाहेर काढा. मी दर महिन्याला पेन ड्राइव्हवर उतरवते, नावात तारीख, वस्तू, बोलणारे माणूस. कवंडळाच्या व्हिडिओतल्या आजी गेल्या माघात गेल्या. त्यांच्या नातीला मी ती फाइल दिली, न कापलेली, अकरा मिनिटांची. तीत त्या आणखी नऊ फळांची नावे सांगतात.