मेट्रोच्या खांबांमधलं अंतर अंदाजाने काढू नका

नागपूरच्या वर्धा रोडचं स्केच करताना, मेट्रोच्या खांबांची रांग काढायला घेतली की पहिले दोन जमतात. तिसऱ्यापासून अंतर अंदाजाने पडतं आणि अख्खा रस्ता खोटा वाटायला लागतो. मोजपट्टीची गरज नाही, एक तिरकी रेषा पुरते.

१. डोळ्यांच्या उंचीवर क्षितिजरेषा आखा, तिच्यावर व्हॅनिशिंग पॉइंट घ्या, म्हणजे दूर जाणाऱ्या रेषा जिथे एकत्र मिळताना दिसतात तो बिंदू.

२. पहिल्या खांबाचं टोक, मध्य आणि तळ त्या बिंदूला फिक्या रेषांनी जोडा. मधली रेषा विसरू नका, सगळी गंमत तिच्यातच आहे.

३. दुसरा खांब नजरेला पटेल तिथे उभा करा. एवढाच काय तो अंदाज.

४. पहिल्याच्या टोकापासून, दुसऱ्याला मधली रेषा जिथे कापते तिथून जाणारी, तिरकी रेषा खाली न्या. ती तळाच्या रेषेला टेकते तिथे तिसरा खांब.

पुढे दुसऱ्याच्या टोकापासून तेच. झाडं, विजेचे खांब, खिडक्या, सगळ्यांना हे चालतं.

मात्र खांब सारख्या अंतरावर आणि सरळ रांगेत हवेत. रस्ता वळला की तिथून पुढे नवा व्हॅनिशिंग पॉइंट घ्या. आणि मे महिन्यात स्केचिंगला जायचं तर सकाळीच, बाप्पा!